मधाचा मधुमेह

सोराल्बोच्या डोंगरावर काळ्या मरियामातेच्या दर्शनाला लोक शेकडो वर्षं येत आले होते, आणि आजवर सगळे मठाच्या दाराकडे तोंड करून रांगेत उभे राहत. त्या सप्टेंबरात रांगेने दाराकडे पाठ फिरवली होती. आत देवळात मरियामाता मेणबत्त्यांच्या उजेडात जवळजवळ एकटी बसली होती, आणि बाहेर रस्त्यापलीकडे, चेस्टनटच्या मोठ्या झाडाखाली, एका टेबलाभोवती माणसांचा पूर लोटला होता. टेबलामागे बसले होते फ्रा गाउदिओसो.

'फ्रा' म्हणजे मठातले बंधू. हे गृहस्थ कुठल्या मठाचे बंधू, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अंगातला तपकिरी झगा त्यांनी स्वतःच शिवून घेतला होता, आणि शिंपी चांगला होता. दाढी छातीपर्यंत, आवाज लोण्यासारखा. ते मठाच्या झऱ्याचं पाणी पाजून मधुमेह बरा करत. दुसरं काही नाही, फक्त मधुमेह. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या म्हातारीला ते प्रेमाने सांगत, "आई, माझ्यावर एवढीच कृपा आहे. हाव धरू नये."

बेनेव्हेंतोहून आलेल्या बसमधून एर्मेलिंदाबाई उतरल्या तेव्हा त्यांच्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. बाई तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, मिस्सेला, म्हणजे देवळातल्या सामूहिक उपासनेला, फक्त नाताळात जात, आणि जीभ अशी की गावातले पाद्रीसुद्धा त्यांना पाहून रस्ता ओलांडत. त्या इथे आल्या होत्या त्या भाचीसाठी. बहिणीची मुलगी लोरेदाना, तिची नऊ वर्षांची पिएरीना. पोरीला दोन वर्षांपासून मधुमेह. तिचा नवरा दूर तोरिनो शहरात कारखान्यात, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ सुई टोचायचं काम एकट्या लोरेदानाचं. पोर पलंगाखाली लपायची, आई तिला पाय धरून ओढून काढायची, टोचायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडायची. अशी बाई बसभर मैत्रिणींबरोबर सोराल्बोला निघाली, तेव्हा मावशी म्हणाली होती, "जा बाई. नुसतं पाणी पिऊन कोणी मेलेलं नाही." आणि मग स्वतःही बसमध्ये चढली होती.

फ्रा गाउदिओसोंचं प्रवचन चालूच होतं. "मी कोण? मी कोणी नाही. मी नुसता नळ, लेकरांनो. पाणी तिचं." नळाने आपल्यापुढे दानाची टोपली ठेवलेली बाईंनी याआधी पाहिली नव्हती. दान ऐच्छिक होतं. किती ऐच्छिक, ते टोपलीला लावलेल्या पाटीवर लिहिलेलं होतं.

"हे पाणी आंबट का, विचाराल. ती दुःखाची माता. तिच्या अश्रूंचं पाणी गोड कसं लागेल?"

"अश्रू खारट असतात," बाई म्हणाल्या. पुढच्या बाईने मागे वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मिस्सेत कोणी शिट्टी वाजवली असावी.

विधी शिस्तीचा होता. आधी शौचकूपात जाऊन यायचं, 'जुनं पाप बाहेर टाकून'. मग दोन मोठे पेले पाणी. मग आत जाऊन अख्खी मिस्सा ऐकायची, मधून उठायचं नाही, उठलं तर गुण नाही. बाहेर आल्यावर आणखी एक पेला, आणि मग परीक्षा. परीक्षा कशाने? तर औषधाच्या दुकानात मिळते त्याच लघवीच्या पट्टीने. साखर असेल तर पिवळी पट्टी हिरवी होते, नसेल तर पिवळीच राहते. फ्रा स्वतःच्या पट्ट्या देतच नसत. "तुमची पट्टी आणा," ते म्हणत. "तुमच्या दुकानातली, तुमच्या पैशाची. माझ्यावर विश्वास नको. पट्टीवर ठेवा."

इथे एर्मेलिंदाबाईंच्या कपाळाला पहिली आठी पडली. भोंदू माणूस मोजमापाला भितो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. हा तर मोजा म्हणून आग्रह करत होता.

झाडाच्या बुंध्याशी लोकांनी इन्सुलिनच्या कुप्या आणि सुया वाहिल्या होत्या. कोळशाचा एक निवृत्त व्यापारी आपली पिवळी पट्टी उंच धरून, सगळ्यांसमोर, तोर्रोने खात होता. मध-बदामाची ती चिक्की त्याला डॉक्टरांनी कायमची बंद केली होती. एकेक तुकडा तोंडात पडला की लोक टाळ्या वाजवत. तोर्रोनेचा गाडा टेबलाला खेटूनच लागला होता, हाही योगायोगच म्हणायचा.

मिस्सेनंतर लोरेदाना पोरीला घेऊन मठाच्या शौचकूपाकडे गेली आणि परत आली ती पळत. पट्टी पिवळी होती. बेनेव्हेंतोत मावशीच्या डोळ्यांदेखत विकत घेतलेली, मावशीनेच तारीख तपासलेली पट्टी. त्याच डबीतली एक सकाळी घरी गर्द हिरवी झाली होती.

लोरेदानाने ती मावशीच्या नाकापुढे धरली. "आता बोल."

बाई चष्मा काढून पट्टी बघत राहिल्या, तो पुसून पुन्हा बघत राहिल्या. तीस वर्षं मुलांना सांगत आलेलं वाक्य त्यांच्यापुढे उभं होतं, की डोळ्यांसमोर जे आहे ते आवडलं नाही म्हणून नाकारायचं नसतं. फ्रा गाउदिओसोंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लोरेदानाला हलक्या आवाजात सांगितलं, की सुई आणि कृपा एका घरात नांदत नाहीत. मातेवर विश्वास असेल तर रविवारपर्यंत इथेच राहा, पोरीला रोज पाणी पाजा, आणि त्या सुयांना विसरा.

त्या शुक्रवारी संध्याकाळी बस गेली. त्या तिघी मठाच्या यात्रीनिवासात राहिल्या.

शनिवारी पिएरीना भलतीच शहाणी झाली. पळत नव्हती, हट्ट करत नव्हती. नुसतं पाणी पीत होती. फ्रांचं आंबट पाणी झालं की अंगणातल्या झऱ्याला तोंड लावायची, आणि मग शौचकूपाकडे, आणि पुन्हा झऱ्याकडे. बाईंनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, की ही तहान आपल्या ओळखीची आहे, दोन वर्षांपूर्वी अशीच लागली होती, सुई दे. लोरेदानाने दुपारची पट्टी दाखवली. पिवळी. संध्याकाळची दाखवली. पिवळी.

"साखर नसताना इन्सुलिन दिलं तर काय होतं ते तूच मला शिकवलंस, मावशी. पोर गार पडेल माझी. सांग, देऊ?"

ते खरं होतं. पट्टी बरोबर असेल तर सुई पोरीचा जीव घेणार होती. पट्टी चूक असेल तर सुईवाचून पोर जाणार होती. त्यांनी यात्रीनिवासाच्या फोनवरून बेनेव्हेंतोच्या डॉक्टरांना लावून पाहिलं. शनिवार होता. घंटा वाजत राहिली.

रविवारी सकाळी पिएरीनाला उलट्या सुरू झाल्या. पोट दुखतं म्हणाली, आणि तिच्या तोंडाला पिकून सडत आलेल्या सफरचंदांसारखा वास येत होता. लोरेदाना तिला कडेवर घेऊन निघाली, पण डॉक्टरकडे नाही, चेस्टनटच्या झाडाकडे. जाताना पुन्हा एक पट्टी बुडवून बघितली होती. पिवळी.

एर्मेलिंदाबाई मात्र मठाच्या स्वयंपाकघरात घुसल्या. तिथे यात्रेकरूंचं बघणारे दोम प्लाचिदो सकाळची कॉफी ठेवत होते. साठी ओलांडलेले, काटक संन्यासी, मठाच्या मधमाश्या पाळणारे. फ्रा गाउदिओसोंविषयी पहिल्याच दिवशी त्यांच्याशी बाईंचं बोलणं झालं होतं. दोम प्लाचिदोंनी मठाधिपतींना सांगून पाहिलं होतं, तर ते म्हणाले झाडाखालची जागा आपली नाही. नगराध्यक्षांना सांगून पाहिलं, तर ते म्हणाले बसतळ कधी नव्हे तो भरलेला आहे. बिशपांच्या कचेरीला कळवलं, तर प्रार्थनापूर्वक धीर धरा असं उत्तर आलं. "या मठाला पूर्वी लुटारूंनीही लुटलंय, बाई," ते म्हणाले होते. "पण ते निदान दार फोडून आत यायचे. हा बाहेरच बसून लुटतो."

आता बाईंनी त्यांच्याकडे मध मागितला, आणि पाण्याचे दोन पेले. दोम प्लाचिदोंनी कशाला ते विचारलं नाही. मध काढून दिला.

रात्रभर बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कोणतंही साधन 'नाही' म्हणालं, तर आधी विचारायचं, त्याला 'हो' म्हणता येतंय का? झऱ्याच्या साध्या पाण्यात त्यांनी मधाचा एक थेंब ढवळला, भाचीच्या डबीतून घेतलेली पट्टी बुडवली. पट्टी हिरवी झाली. म्हणजे पट्टी धडधाकट होती. मग फ्रांनी पोरीसाठी दिलेल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतलं, त्यातही तेवढाच थेंब ढवळला, नवी पट्टी बुडवली.

पिवळी.

दोघंही पेल्याकडे बघत राहिले. मध पाण्यात होता, त्यांनीच घातला होता, आणि पट्टी म्हणत होती, साखर नाही.

"चमत्कार," दोम प्लाचिदो कोरड्या आवाजात म्हणाले. "मधाचाही मधुमेह बरा झाला."

बाईंनी ते पाणी जिभेवर घेतलं. आंबट. लिंबासारखं, पण लिंबाचा वास नाही. झरा तोच, असं फ्रा सांगत. मग झऱ्याचं पाणी आंबट का नव्हतं? ही चव कुठे घेतली होती आपण? आणि त्यांचा हात आपोआप पर्समध्ये गेला. सर्दीसाठी त्या वर्षानुवर्षं घेत असलेल्या गोळ्या. क जीवनसत्त्व. दोन गोळ्या चमच्याने चुरून त्यांनी पहिल्या पेल्यात, साध्या मधाच्या पाण्यात, टाकल्या आणि पुन्हा पट्टी बुडवली. मघाशी ज्या पेल्याने पट्टी हिरवी केली होती, त्याच पेल्यात ती आता पिवळीची पिवळी राहिली.

त्यांनी दोम प्लाचिदोंना मठाची गाडी दाराशी आणायला सांगितलं आणि मधाची बरणी, झऱ्याच्या पाण्याची सुरई आणि पेले तबकात घालून त्या रस्ता ओलांडू लागल्या.

झाडाखाली रविवारची तोबा गर्दी होती. फ्रा गाउदिओसो लोरेदानाला समजावत होते, की उलटी म्हणजे जुनं विष बाहेर पडतंय, घाबरायचं नाही, आणखी एक पेला द्यायचा. पिएरीनाची मान आईच्या खांद्यावर लोंबत होती. बाईंनी तबक टेबलावर ठेवलं, टोपली सरकवून. भोवतीची माणसं टाचा उंचावून बघू लागली. सरकवलेली टोपली हा त्या टेबलावरचा पहिलाच प्रकार होता.

त्या लोरेदानाशीच बोलल्या, फ्रांकडे पाहिलंही नाही. "मी काही म्हणत नाही. तू फक्त बघ. पट्टी तुझी, हात तुझा."

लोरेदानाला पोर सोडवत नव्हती. शेवटी शेजारच्या बाईने पिएरीनाला घेतलं. साध्या पाण्यात मध घातलेला लोरेदानाने बघितला, पट्टी बुडवली, हिरवी झालेली बघितली. मग फ्रांच्या बाटलीचं पाणी, मधाचा तसाच थेंब, दुसरी पट्टी. तिने ती काढली. हलवली. वाट पाहिली. पट्टी पिवळी होती, आणि पेल्याच्या तळाशी मधाची शेवटची सोनेरी रेघ अजून विरघळत होती.

"साखर समोर आहे," मावशी म्हणाली, "आणि पट्टीला दिसत नाही. या पाण्यात सर्दीच्या गोळीतलं औषध आहे, मूठभर. ते पट्टीला आंधळं करतं. पोरीच्या पोटातून लघवीत उतरलं की तिथेही तेच करतं. साखर गेली नाही, लोरे. पट्टीचे डोळे गेले."

मागून कोणीतरी विचारलं, की मग मिस्सा कशाला ऐकायला लावतात? बाईंनी सांगितलं, औषध लघवीत उतरायला तेवढा वेळ लागतो म्हणून. आणि आधी शौचकूपात जायला सांगतात, कारण आधीची साखर आधीच सांडून टाकायची असते. तोर्रोने खाणारा व्यापारी, जो आज पुन्हा आला होता, त्याने हातातला तुकडा हळूच खिशात घातला.

फ्रा गाउदिओसो हसले. हसणंसुद्धा लोण्यासारखं होतं. "बाई, श्रद्धेची परीक्षा मधाच्या बरणीत होत नाही."

"परीक्षा घ्या असं तुम्हीच म्हणालात," बाई म्हणाल्या. "पट्टीवर विश्वास ठेवा म्हणालात. मी ठेवतेय. हा पेला मध आणि तुमचं पाणी. तुम्हीच सांगा, यात साखर आहे की नाही?"

उत्तर देणं अवघड होतं. आहे म्हणावं तर पाणी खोटं, नाही म्हणावं तर समोर बरणी. फ्रांनी डोळे मिटून जपमाळ हातात घेतली, आणि अडचणीत आलेल्या माणसाला प्रार्थना किती सोयीची पडते, ते सगळ्यांनी पाहिलं. गर्दीत पाठीमागे एक म्हातारा मात्र शेजाऱ्याला भारावून सांगत होता, "बघितलंस? मधातलीसुद्धा साखर काढली. केवढी कृपा." आणि शेजारी मान डोलवत होता.

लोरेदानाने ते ऐकलं नाही. तिने सुया झाडाला वाहिल्या नव्हत्या, तेवढं धाडस अजून झालं नव्हतं. पिशवीच्या तळाशी, ओल्या रुमालात गुंडाळलेली कुपी होती. दोन दिवस तिने ती मावशीला दाखवली नव्हती, आणि टाकलीही नव्हती. तिथेच, टेबलाच्या कडेला, तिने पोरीचा रोजचा डोस भरला. पिएरीना पलंगाखाली लपली नाही, कारण लपायचं बळच उरलं नव्हतं. लोरेदानाने सुई टोचली, आणि ती चुकली नाही. दोम प्लाचिदोंनी गाडी थेट रांग चिरत आणली, आणि डोंगराची ती वळणं त्यांनी अशी घेतली, की मधमाश्यांच्या माणसाकडून बाईंनी कधी अपेक्षा केली नसती.

खालच्या गावच्या इस्पितळात पिएरीनाला लगेच आत घेतलं. सलाईन लागलं, इन्सुलिन लागलं. रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, की संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर आणलं नसतं तरी चाललं असतं.

पोलीस सोराल्बोला गेले, कारण इस्पितळाने कळवलं होतं. फ्रा गाउदिओसोंच्या गाडीत त्यांना क जीवनसत्त्वाच्या पांढऱ्या पुडीचे डबे सापडले, फळं टिकवायच्या कारखान्यात लागते ती. गावात चौकशी झाली तेव्हा नगराध्यक्षांना आठवलं, की त्यांना पहिल्यापासूनच संशय होता. मठाधिपतींनाही आठवलं. बिशपांच्या कचेरीने पत्रक काढून विवेकाचं महत्त्व सांगितलं. आणि तुरुंगातून सुटून आल्यावर पुढच्या वसंतात फ्रा दुसऱ्या एका डोंगरावर, दुसऱ्या नावाने, रक्तदाब बरा करत असल्याचं कोणीतरी सांगितलं. झगा मात्र तोच होता. शिंपी खरंच चांगला होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुपारी इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात मावशी-भाची बाकावर बसल्या होत्या, आणि एर्मेलिंदाबाईंना काही टोमणा सुचत नव्हता. लोरेदाना म्हणाली, "मला एवढंच हवं होतं, की तिला परत टोचावं लागू नये. हे मागणं चूक होतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मागणं चूक नव्हतं. त्याने तेच हेरलं."

"तुला विचारणार होते. शुक्रवारीच. पण तू हसतेस, मावशी. तू सगळ्यालाच हसतेस. हसणाऱ्या माणसाला कोण विचारणार?"

बाईंनी हे ऐकून घेतलं. तीस वर्षं वर्गात त्यांना कोणी इतकं नीट उत्तर दिलं नव्हतं. मग त्यांनी भाचीचा हात हातात घेतला आणि हसू न आणता, शिकवतात तसं न शिकवता, सांगितलं. मातेपुढे मेणबत्ती लाव, डोंगर चढ, रड, माग. त्याला कोणाची ना नाही. पण ज्या दिवशी कोणी तुला अगदी तुझ्या मनातलंच उत्तर देईल, त्या दिवशी एकच प्रश्न विचार: हे खोटं असतं, तर मला ते कसं कळलं असतं? आणि तसं कळायची काही वाटच नसेल, तर त्या माणसाच्या टेबलावरून ऊठ. डॉक्टर असो, पाद्री असो, मावशी असो. आणि औषध बंद करायचं ते ज्याने सुरू केलं त्याला विचारून. एवढंच. याला फार शिकलेलं असावं लागत नाही. विचारायला लाजू नये, आणि विचारणाऱ्याला कोणी हसू नये.

ऊन उतरत आलं तेव्हा नर्सने दोघींना आत बोलावलं. पिएरीनाने डोळे उघडले होते. ओठ कोरडे होते, पण नजर जाग्यावर होती. तिने हाताला टोचलेली नळी बघितली, मग आईकडे बघितलं.

"म्हणजे मी बरी झालेच नव्हते?"

एर्मेलिंदाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात लोरेदाना पुढे झाली आणि पलंगाच्या कडेला बसली. असल्या प्रश्नांची उत्तरं आजवर तिने नेहमी दुसऱ्यांवर सोडली होती.

"नाही," ती म्हणाली. "आणि बरी होणारही नाहीस, बाळा. पण मोठी होशील."